चढताना नाही, उतरताना

आमच्या ट्रकच्या इंजिनात ठोका वाजतोय ही बातमी घरात सर्वांत शेवटी मला कळली, तीही पावत्यांवरून. ट्रक धाकट्या भावाचा. चालवतात ड्रायव्हरकाका, ते वडिलांच्या वेळेपासून आहेत. हिशेब माझ्याकडे. भाद्रपद संपता संपता महिन्याच्या पावत्या लावत बसले होते, तर त्यात दोन वेगवेगळ्या गॅरेजांच्या चिठ्ठ्या निघाल्या. एक हायवेवरच्या गॅरेजची, एक घाटाखालच्या. दोन्हींवर सामान काहीच नाही. ऑइल नाही, फिल्टर नाही, एखादा नटसुद्धा नाही. कामाच्या ओळीत फक्त 'आवाज तपासला'.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "जरा नॉकिंग करता गो ताई. जुनी गाडी आसा." पुढे लगेच जेवणाचं विचारायला लागला, तेव्हाच समजलं की प्रकरण 'जरा'च्या पुढे गेलंय.

गाडी जुनी हे खरंच. सहा सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, हवेचे ब्रेक, आणि समोरच्या पट्टीवरचे निम्मे काटे कायमचे झोपलेले. जाताना फोंडा घाट चढून जांभ्याचे चिरे कोल्हापूरच्या बाजूला न्यायचे, येताना कांदा, गूळ, पेंड, जे भाडं मिळेल ते घेऊन कणकवलीत उतरायचं. पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात, तेव्हा किरकोळ भाड्यांवर दिवस काढायचे. दसऱ्यानंतर खाणी कोरड्या होऊन सुरू झाल्या की मग आंबा संपेपर्यंत उसंत नाही. ठोका आला तो या दोन्हींच्या मधल्या काळात, म्हणजे हातात पैसा सर्वांत कमी असताना.

ट्रकवाले ठोक्याला इतके का घाबरतात ते मला हिशेबामुळे ठाऊक आहे. पिस्टनची ताकद कॉनरॉड नावाचा दांडा खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, देतो. तो क्रँकला जिथे धरतो, त्या टोकाला बिगेंड म्हणतात, आणि तिथे बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. वाटी आणि क्रँक यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि तेवढ्या फटीत दाबाने भरलेलं तेल. लोखंडाला लोखंड लागत नाही ते या तेलामुळेच. फट वाढली की दर धडाक्याला रॉड क्रँकवर आपटायला लागतो. दुर्लक्ष केलं तर वाटी जागेवरून फिरते, क्रँक ओरबाडला जातो, आणि नशीब अगदीच फुटकं असेल तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. तिथवर पोचायच्या आधी थांबलात तरी इंजिन उतरवायचं, क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात ग्राइंडिंगला न्यायचा, आणि घासल्यामुळे बारीक झालेल्या क्रँकला जाड बेअरिंग बसवायचं. पहिल्या घासणीला दहा साइज, मग वीस, मग तीस. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे असतात. आमच्या ट्रकचा क्रँक वडिलांच्या वेळेला एकदा घासून झालेला होता, ती पावती अजून फायलीत आहे.

त्यात डिझेल इंजिन जन्मापासूनच ठोके मारत चालतं, ही आणखी एक पंचाईत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि जाळ व्यवस्थित पसरत जातो. डिझेलला ठिणगीच नाही. नुसती हवा आत घेऊन ती सोळा-सतरा पट दाबायची, त्या दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग नोझलमधून तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारायचा. फवारा पडल्या पडल्या पेट घेत नाही, निमिषभर रेंगाळतो. तेवढ्यात जे डिझेल जमतं ते एकदम भडकतं. जुन्या ट्रकची ओळख असलेली ती खडखड म्हणजे हेच भडकणं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याच्या वंशाच्या मागे ही खडखड लागलेली आहे. अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर आधी थोडं आणि मग बाकीचं डिझेल सोडतो, म्हणून त्या जरा सभ्य वाटतात. आमच्या गाडीचा सभ्यतेशी संबंध नाही. त्यामुळे इतक्या ठोक्यांतून जास्तीचा ठोका निवडून काढायचा, तर ऐकणाऱ्याच्या मनात जे असेल तेच त्याला ऐकू येतं.

भावाला क्रँक ऐकू येत होता, कारण त्याला खर्चाची धास्ती होती. शेजारच्या रिक्षावाल्याला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे, ऐकू आले, कारण त्याच्या स्वतःच्या रिक्षाचे टॅपेट वाजत होते. भाच्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि रात्रीपर्यंत अकरा निदानं गोळा केली. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात ठोका नव्हताच. फोन माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो, खालच्या पट्टीतला धडधडता आवाज तो घोंगाट समजून बाजूला सारतो. त्या अकरा जणांनी कशाचं निदान केलं हे त्यांचं त्यांना माहीत.

मला मात्र त्या दोन चिठ्ठ्या स्वस्थ बसू देईनात. दोन्ही गॅरेजांत काय झालं ते मी ड्रायव्हरकाकांकडून नीट काढून घेतलं. हायवेवरच्या मिस्त्रीकडे काका सकाळी लवकर गेले होते. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंड, आणि चालू केल्यावर ठोका स्पष्ट. थोड्या वेळाने तो आपोआप थांबला. मिस्त्रीचं म्हणणं असं की लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, झिजलेत. थंड असताना पिस्टन आखडलेला असतो, तो लायनरच्या भिंतीवर आपटतो. तापला की फुगून घट्ट बसतो आणि गप्प होतो. म्हणजे हाफ इंजिन, पिस्टन-लायनर बदलायचं काम, करावं लागेल. घाटाखालच्या मिस्त्रीकडे काका परतीच्या वाटेवर थांबले. इंजिन घाट उतरून चांगलं तापलेलं, आणि ठोका चालू. तोही पाहता पाहता थांबला. हा मिस्त्री म्हणाला, तापल्यावर तेल पातळ होतं, बेअरिंग ढिलं आहे, बिगेंड गेलंय. म्हणजे इंजिन खोलावंच लागेल.

दोघेही बोलले ते शास्त्राला धरून. पिस्टनचा आवाज थंडपणीच येतो आणि बेअरिंगचा तापल्यावर वाढतो, यात चूक काही नाही. पण एकाच गाडीचा एकच आवाज थंड असल्यामुळेही येतो आणि तापल्यामुळेही येतो, हे माझ्या पचनी पडेना. जमा आणि खर्च दोन्हीकडे एकच रक्कम दिसली की मी आधी तिसरं खातं शोधते. इथे तिसरं खातं कुठलं ते मला कळत नव्हतं, पण ते असणार याची खात्री होती. भावाला तसं म्हटलं. त्याने "तू गॅरेज काढ" म्हणून विषय मिटवला, पण इंजिन खोलायचं चार दिवस पुढे ढकललं आणि गाडी कुडाळच्या पुढे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे न्यायचं ठरवलं. वडिलांच्या वेळेला क्रँकचं काम त्यांनीच केलेलं. आता हात थरथरतात म्हणून त्यांनी काम सोडलंय. अंगणात माडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात आणि मुलगा काम करतो त्याच्यावर ओरडतात. रविवार होता, म्हणून मीही गेले.

"काय गो बाय, तू पण इलंस?" मला पाहून ते म्हणाले आणि मग बराच वेळ वडिलांबद्दलच बोलत राहिले. ट्रककडे बघितलंसुद्धा नाही. भाऊ अधीर झाला. आवाज कसा जड आहे, कसा पुढच्या बाजूने येतो, पहिल्या सिलिंडरपाशी कान लावला तर कसा जास्त वाटतो, असं हातवारे करून सांगायला लागला. मिस्त्रींनी त्याला थांबवलं आणि ड्रायव्हरकाकांकडे वळले.

"आवाज कसो येता तां ऱ्हवांदे. कधी येता तां सांग."

काका म्हणाले, "सकाळी चालू केल्यार थोडो वेळ. मगे गप. घाटात चढताना नाय. उतरताना."

हे ते पहिल्यांदा सांगत नव्हते. भावाला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन्ही गॅरेजांतही सांगितलं होतं. पण मालक समोर असला की ड्रायव्हरचं बोलणं निमित्तात जमा होतं. गाडी वाजते म्हणाला तर त्याला सुट्टी हवी असेल, अमुक वेळेला वाजते म्हणाला तर त्याने काहीतरी केलं असेल. जो माणूस दिवसाचे दहा तास त्या इंजिनाशेजारी बसतो, त्याचं ऐकायचं सोडून आम्ही ग्रुपवरच्या पोरांचं ऐकत होतो, हे मला त्या अंगणात जरा लागलंच.

'चढताना नाही' याचं वजन मला तेव्हा कळलं नाही, मिस्त्रींना कळलं. भरलेला ट्रक फोंडा घाट चढतो तेव्हा इंजिनावर सगळ्यात जास्त भार असतो. प्रत्येक पिस्टनवर पूर्ण ताकदीचा धडाका, प्रत्येक बेअरिंगवर पूर्ण ओझं. बिगेंड गेलेलं इंजिन नेमकं तिथे बोंब मारतं. ते तिथे गप्प बसतं आणि उतरताना बोलतं, तर बिगेंडवर संशय घ्यायला फारशी जागा उरत नाही. भावाने हरकत घेतली की उतरताना पाय काढलेला असतो, इंजिनावरचा ताण उलटा होतो, तेव्हाही काही आवाज येतात. त्याचीही बाजू चुकीची नव्हती. काही पिनांचे आणि चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचे, म्हणजे क्रॉसचे, आवाज तसे येतात. मिस्त्रींनी मान डोलावली आणि काकांना विचारलं, "पाय काढल्या काढल्या येता, काय ब्रेक मारून मारून?"

काकांनी डोळे मिटले. बहुधा घाट मनात उतरून बघितला. मग म्हणाले, "दोन-तीन वळणां ब्रेक मारीत इल्यार."

त्या दिवशी गाडी तिथेच ठेवली. मिस्त्रींनी बजावलं की सकाळपर्यंत कोणी चालू करायची नाही. रात्री आम्ही त्यांच्याकडेच जेवलो, बांगड्याचं तिखलं आणि भात. गाडीचा विषय कोणी काढला नाही.

सकाळी आधी ऑइल बघितलं. मिस्त्रींनी कांडी पुसून तेल दोन बोटांत चोळलं आणि उन्हात धरलं. चकाकी नाही. बेअरिंग खात असेल तर तेलात त्याची बारीक चमक दिसते. मग इंजिन चालू केलं. ऑइलचा काटा नीट वर. आणि ठोका हजर, खणखणीत. मुलाने पाना घेतला आणि नोझलला जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. ही जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. ज्या सिलिंडरचा पाइप ढिला करावा त्याला डिझेल मिळत नाही, त्यात धडाका होत नाही, इंजिन लंगडं चालायला लागतं. त्या वेळी ठोका दबला, तर दोष त्या सिलिंडरचा, मग तो नोझलचा असो की बेअरिंगचा. एक झाला, दोन झाले, सहाही झाले. इंजिन दर वेळी लंगडलं, ठोका मात्र होता तसाच. शेवटच्या पाइपवर मुलाने नट आवळला आणि वडिलांकडे बघितलं.

एवढ्यात चेसिसखालून 'फुस्स' झालं आणि ठोका थांबला.

ते फुस्स आम्ही हजारदा ऐकलेलं असतं. ट्रक उभा असला की मधूनच असा सुस्कारा टाकतो, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. हवेच्या टाक्या भरल्या, साधारण सात-आठ किलो दाब झाला, की अनलोडर नावाचा व्हॉल्व्ह जास्तीची हवा बाहेर सोडून देतो. मिस्त्रींनी बोट वर केलं. मग काकांना म्हणाले, "आता मार ब्रेक. मारीत ऱ्हव."

काका जागच्या जागी ब्रेक दाबत राहिले. प्रत्येक दाबाला हवा खर्च होत होती, काटा खाली येत होता. ठरावीक जागेच्या खाली तो आला आणि ठोका सुरू झाला. ब्रेक सोडून दिला. काटा हळूहळू चढला, पुन्हा फुस्स, पुन्हा शांत. परत मारले ब्रेक, परत ठोका. आता इंजिन गरम होतं, म्हणजे थंडपणाचा प्रश्न नाही. गाडी उभी होती, म्हणजे घाट नाही, गिअर नाही, क्रॉस नाही. थंड-गरमाच्या भांडणात ज्याचं नावच कोणी घेतलं नव्हतं ते तिसरं खातं हवेचं होतं.

"ह्यां दुखणां इंजिनाचां नाय," मिस्त्री म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास मुलावर ओरडले.

दोष एअर कॉम्प्रेसरचा होता. इंजिनाच्या अंगाला घट्ट बसवलेला आणि त्याच्याच जोरावर फिरणारा हा पंप ब्रेकसाठी हवा दाबतो. त्याला स्वतःचा पिस्टन, स्वतःचा कॉनरॉड, स्वतःचा क्रँक आणि स्वतःची बेअरिंगं असतात. तेलही त्याला इंजिनाचंच मिळतं, एका बारीक पाइपने. म्हणजे बिगेंड गेलं होतं हे खरं, पण मोठ्या इंजिनाचं नव्हे, या पोटभाडेकरूचं. टाक्या रिकाम्या असल्या की त्याला दाबाविरुद्ध काम करावं लागतं, तेव्हा ढिला रॉड वाजतो. टाक्या भरल्या की तो नुसता फिरतो, तेव्हा गप्प. रात्रभरात आमच्या टाक्यांतली हवा झिरपून जायची, म्हणून सकाळी थोडा वेळ ठोका. घाट चढताना ब्रेकला कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे शांतता. उतरताना वळणावळणाला ब्रेक, हवा संपते, कॉम्प्रेसर कामाला लागतो. खाली गॅरेजात पोचून मिस्त्री जरा ऐकेपर्यंत टाक्या पुन्हा भरतात आणि आवाज गायब.

आणि तो पहिल्या सिलिंडरपाशी का वाटत होता? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात पाच हजारांच्या वर. इंजिनाची लांबी ती केवढी. एका टोकाला मारलेला ठोका दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी पोचतो, आणि कान लावाल तिथे 'इथूनच येतोय' असं वाटतं. फणसावर टिचकी मारून तो पिकला की नाही ते कळतं, पण कुठला गरा पिकलाय ते कळत नाही, तसंच हे.

मिस्त्रींनी टाकीखालची चावी उघडायला सांगितली. तपकिरी, तेलकट पाणी भळाभळा बाहेर आलं. काका म्हणाले, पावसात पाणी येतंच. ते खरंच. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बाष्प गच्च भरलेलं असतं. ती हवा आठव्या हिश्शात कोंबली आणि टाकीत थंड झाली की तेवढं बाष्प तिला धरवत नाही, पाणी होऊन तळाला बसतं. कोकणातल्या ट्रकवाल्याने ती चावी रोज उघडायला हवी, नाहीतर टाक्या आतून गंजतात आणि ब्रेकचे व्हॉल्व्ह खराब होतात. पण पाणी येणं वेगळं आणि तेल येणं वेगळं. तेल येतंय म्हणजे कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजून तेल हवेबरोबर वर चाललंय. ही चावी कोणीही, कधीही, फुकट उघडू शकतं. माझ्या मते इंजिन खोलायला सांगण्याआधी तरी ती उघडून बघावी.

कॉम्प्रेसर खोलल्यावर बेअरिंगचा वरचा पांढरा थर जाऊन तांबूस रंग दिसत होता. तेलाच्या बारीक पाइपात चिखलासारखं घट्ट काहीतरी अडकलेलं. हवेच्या पाइपात काजळीचा थर, इतका की भोक निम्मं झालेलं. म्हणजे तेल कमी, दाब जास्त, उष्णता जास्त. सगळं एकमेकांच्या पायात पाय घालून बसलेलं. सामान कोल्हापूरहून मागवलं. बसवायला वेळ फार लागला नाही. खर्च ग्राइंडिंगच्या मानाने किरकोळ, तरी भावाने मजुरीवर घासाघीस केलीच. मी मध्ये पडले नाही.

गाडी परत आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी इंजिन चालू केलं आणि मला खिडकीतून हाक मारली. मी खाली गेले. जड ठोका नव्हता. पण त्याच्या जागी एक हलका, कोरडा टकटकाट ऐकू येत होता, आणि इंजिन तापल्यावर तो विरून गेला. हवेचा काटा कुठेही असो, त्याला फरक पडत नव्हता. ब्रेक मारून पाहिले, तरी तसाच. म्हणजे पिस्टनचा आवाज खरोखरच होता. हायवेवरच्या मिस्त्रीने तो ऐकला होता, फक्त त्याच्यावर दुसऱ्याचाही गुन्हा लादला होता. म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तो वेगळो. तेल खाता काय बगीत ऱ्हवा. आंबो संपल्यार बगूया."

भावाने सोमवारचे चिरे आधीच ठरवून टाकले होते.